कटऑफ खाली म्हणून अभ्यास सोपा? सांगली-साताऱ्यात शिकलेल्यांनी अनुभव लिहा

गणिताच्या_बाई (धागाकर्त्या)

कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंग वगैरेच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की बारावीला माझ्याकडे गणित शिकलेली मुलं आईवडिलांना घेऊन घरी येतात. "बाई, हिला कुठलं झेपेल?" हा ठरलेला प्रश्न. उत्तर मात्र घरूनच ठरवून आणलेलं असतं. कॉम्प्युटरचा कटऑफ वर, म्हणजे ते अवघड. सिव्हिलचा खाली, म्हणजे ते सोपं. बी.एस्सी. म्हणजे कुठेच नंबर न लागलेल्यांचं, आणि बी.ए. म्हणजे तीन वर्षं निवांत.

मला हे अजिबात पटत नाही. कटऑफ एवढंच सांगतो की दारात रांग किती लांब आहे. ती रांग पगार बघून लागते, चुलतभावाला पुण्यात काय मिळालं ते बघून लागते. आत गेल्यावर अभ्यास किती पडणार याच्याशी तिचा संबंध नाही. समजा, ९६ पर्सेंटाइलचा मुलगा कॉम्प्युटरला गेला आणि ८५ चा सिव्हिलला. पुढच्या दोन वर्षांत गणिताचा जास्त कस लागणार तो ८५ वाल्याचा! आणि नेमकं त्यालाच घरच्यांनी "सोपं आहे, काढशील" म्हणून पाठवलेलं असतं. दुसऱ्या सेमिस्टरला तो इंटिग्रेशन विचारायला परत येतो तेव्हा त्याची खात्री झालेली असते की आपणच ढ आहोत. याचा मला मनापासून राग येतो.

पर्याय आपल्याकडे कमी नाहीत. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, वालचंद इंजिनिअरिंग १९४७ चं, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग १९६० चं, मिरजेचं मेडिकल १९६२ चं. इस्लामपूर, आष्टा, बुधगावची इंजिनिअरिंग कॉलेजं त्यानंतरची. साताऱ्यात रयतची कॉलेजं आहेतच, शिवाय २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय. यातल्या कुठेतरी शिकलेलं माणूस प्रत्येकाच्या नात्यात सापडतं, तरी गावात फिरते ती ऐकीव माहितीच.

म्हणून विनंती: तुम्ही स्वतः जे शिकलात त्याबद्दल लिहा. मुलं कुठे अडकतात, पेपर कोण काढतं, नापास झालं तर पुढे काय, आठवड्यात स्वतःचा म्हणून वेळ किती उरतो. आमचंच कॉलेज भारी, हा विषय इथे नको.

स्थापत्य_विश्रामबाग

बाई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी सिव्हिलचा, स्वायत्त कॉलेजातून पास झालो आणि बांधकामाच्याच व्यवसायात आहे.

पहिलं वर्ष सगळ्या शाखांना साधारण सारखं. एम-वन, एम-टू (गणिताचे पेपर), मेकॅनिक्स, ड्रॉइंग. दुसऱ्या वर्षापासून वाटा फुटतात. आमच्या वाटेला एसओएम (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स), फ्लुइड मेकॅनिक्स, मग स्ट्रक्चरल ॲनालिसिस. 'सिव्हिल म्हणजे विटा-सिमेंट' समजून आलेली मुलं इथे गळपटतात.

एक उदाहरण सविस्तर देतो. तीन स्पॅनचा कंटिन्यूअस बीम दिलाय, म्हणजे चार आधारांवर सलग टाकलेली तुळई, मोमेंट डिस्ट्रिब्युशनने सोडवा. मोमेंट म्हणजे तिला वाकवणारा जोर. आधी फिक्स्ड एंड मोमेंट काढायचे, एकसारखा भार असेल तर डब्ल्यू एल स्क्वेअर बाय बारा, आणि प्रत्येकाला चिन्ह द्यायचं. मग टेबल आखायचं, प्रत्येक जॉइंट बॅलन्स करायचा, त्यातला अर्धा पलीकडच्या टोकाला कॅरी ओव्हर, परत बॅलन्स. असं चार-पाच वेळा. शेवटी जॉइंटवरची बेरीज शून्य आली की जीव भांड्यात पडतो. पण सुरुवातीला एका मोमेंटचं चिन्ह उलटं घेतलं असेल तरी ही बेरीज शून्यच येते! टेबल चुगली करत नाही. बेंडिंग मोमेंट डायग्राम काढल्यावर "हा बीम असा वाकणार नाही" असं तुमच्या डोळ्यांना खटकलं तरच चूक सापडते. हे खटकणं पाठांतराने येत नाही, खूप गणितं स्वतः सोडवली की येतं. पेपरच्या आदल्या रात्री तर नाहीच येत.

शिवाय सर्व्हेचं प्रॅक्टिकल उन्हात, सबमिशन, ओरल. कटऑफ बघून कोणी सिव्हिलला सोपं म्हणालं की त्याला हा बीम द्या.

कोडवाली_मिरज

स्थापत्यदादा, बीमचं पटलं. पण बाई, कटऑफचा काहीच संबंध नाही हे मला मान्य नाही.

मी कॉम्प्युटरची. आमच्याकडे रिलेटिव्ह ग्रेडिंग होतं, म्हणजे ग्रेड वर्गातल्या बाकीच्यांच्या गुणांवर ठरते. वर्गात सगळे ९८-९९ वाले असले की ७० गुण मिळवूनही ग्रेड मधलीच. तोच पेपर, तेच गुण, दुसऱ्या वर्गात वरची ग्रेड मिळाली असती. तेव्हा रांगेत पुढे कोण होतं हे आत गेल्यावरही तुमचा पिच्छा सोडत नाही.

दुसरं म्हणजे, आमचा सिलॅबस पास होण्यापुरता कठीण नाही. डिस्क्रीट मॅथ्स आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन सोडले तर बाकीचं नेटाने केलं की निघतं. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमध्ये मात्र एखादी भाषा रेग्युलर नाही हे पम्पिंग लेमा नावाच्या प्रमेयाने सिद्ध करा म्हटलं की अर्धा वर्ग कोरं पान देतो, कारण तिथे कोड लिहायचा नसतो, तर्क मांडायचा असतो. खरं ओझं सिलॅबसच्या बाहेरचं आहे. डेटा स्ट्रक्चर्सचे प्रश्न रोज सोडवायचे, प्रोजेक्ट, इंटर्नशिप, तिसऱ्या वर्षापासून प्लेसमेंटची तयारी. कॉलेज पाचला सुटतं आणि खरा अभ्यास मेसमधून आल्यावर सुरू होतो. घरच्यांना दिसतं की पोरगी लॅपटॉपवर आहे. ती आराम करतेय असंच वाटतं त्यांना.

गणिताच्या_बाई

कोडवाली, ग्रेडचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो पालकांपर्यंत कधी पोचतच नाही. पण तो स्पर्धेचा झाला, विषयाचा नाही. पम्पिंग लेमा वर्गात कोणीही असलं तरी तेवढाच कठीण राहणार. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारायला हव्यात: विषय किती कठीण, आणि माझ्या शेजारी कोण बसणार.

वॉर्ड_नंबर_पाच

मिरजेला एमबीबीएस केलं. "मेडिकल कुठल्या कॉलेजचं अवघड?" असं नेहमी विचारतात, त्याचं उत्तर देते.

पेपरापुरतं बोलायचं तर राज्यात फरक नाही. सरकारी असो वा खासगी, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या सगळ्या कॉलेजांना तीच प्रश्नपत्रिका. अभिमत विद्यापीठं, म्हणजे कराडचं कृष्णा वगैरे, स्वतःच्या परीक्षा घेतात. फरक पडतो तो रुग्णांमुळे. मिरजेला सांगली-कोल्हापूरपासून थेट कर्नाटकापर्यंतचे पेशंट येतात. इंटर्नशिपला हात चालू राहतो, झोप मात्र मिळत नाही.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. ॲनाटॉमीचं स्पॉटिंग कसं असतं ते सांगते. ओळीने टेबलं, प्रत्येकावर एक वस्तू. ह्युमरसचं हाड, त्याच्या मागच्या खोबणीवर खूण केलेली. इथून कुठली नर्व्ह जाते, आणि ती दुखावली तर काय दिसेल? रेडियल, मनगट लोंबेल. लिहिता लिहिता घंटा होते आणि पुढच्या टेबलावर सरकायचं; तिथे मेंदूचा काप. मग स्लाइड. मग एक्स-रे. यातलं एकही उत्तर समजायला कठीण नाही. कठीण आहे ते हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरून ठेवणं, आणि पुढच्या विषयाला जागा करताना जुनं न सांडणं. पास व्हायला निम्मे गुण लागतात आणि २०२३ च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार संधी.

ज्या मुलाला "हे असं का?" या प्रश्नात रस आहे आणि पाठांतराचा तिटकारा आहे, त्याने नीटला कितीही गुण काढले असले तरी पहिल्या वर्षी त्याची घुसमट होते. हे मी माझ्या बॅचमध्येच पाहिलंय.

औदुंबर

बीएएमएसलाही लोक "एमबीबीएस नाही मिळालं म्हणून" एवढंच म्हणतात. पहिल्या वर्षाला रचना शारीर, क्रिया शारीर, पदार्थविज्ञान (भौतिकशास्त्र नव्हे, आयुर्वेदाचं तत्त्वज्ञान), संहिता आणि वर संस्कृत. दहावीनंतर संस्कृत सोडलेल्या मुलांना श्लोक अन्वयासह लावायला सांगा, म्हणजे कळेल.

ताळेबंद

मी सीए, सांगलीतच प्रॅक्टिस. माझ्याकडे आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीला येणारी मुलं बी.कॉम. सोबत करतात, म्हणून पहिल्यांदा बी.कॉम.बद्दल: होय, पास व्हायला ते हलकं आहे. त्यामुळेच बाकीचं करायला वेळ मिळतो. ही त्याची मोठी सोय आहे, कोणी त्यावरून नाक मुरडू नये.

सीएची गोष्ट निराळी. इथे प्रवेशाला रांगच नाही, बारावी झाली की फाउंडेशनला बसता येतं. बाईंचा मुद्दा याच्याइतका दुसरीकडे कुठे स्पष्ट होणार नाही. दार सताड उघडं आणि आतला जिना सगळ्यात उभा. इंटरला दोन ग्रुपमध्ये सहा पेपर, फायनललाही तसेच सहा. प्रत्येक पेपरला किमान ४० आणि ग्रुपची बेरीज ५० टक्के. दोन्ही अटी एकदमच. दोन पेपरांत ७० काढले आणि तिसऱ्यात ३९ आले तर ग्रुप गेला. एखाद्या पेपरला ६० पडले की पुढच्या तीन अटेम्प्टपुरती त्यात सूट मिळते, म्हणून गेलेल्या ग्रुपमधूनही काहीतरी हाताला लागतं. नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली, आधी तीन होती.

परीक्षा देशभर एकच. सांगलीचं कॉलेज, पुण्याचं कॉलेज, कशाचाच फरक नाही. आणि अभ्यासाचा विषय दर वर्षी बदलतो! जीएसटी आणि इन्कम टॅक्समध्ये दुरुस्त्या आल्या की मागच्या अटेम्प्टच्या नोट्स रद्दी. सगळ्यात जास्त मुलं मोडतात ती बुद्धी कमी पडल्यामुळे नाही. मित्र नोकरीला लागले, गाडी घेतली, लग्न ठरलं, आणि हा अजून खोलीत बसून इंटरचा दुसरा ग्रुप देतोय. ते सोसणं हाच या अभ्यासक्रमातला सगळ्यात कठीण पेपर आहे, आणि पालकांनी घरात विषय काढताना त्याची जाण ठेवावी.

अजिंक्यतारा

साताऱ्याला बी.एस्सी. गणित, मग एम.एस्सी. आमच्या वेळी पेपर कोल्हापूरहून, शिवाजी विद्यापीठाचा यायचा. आता आमच्या कॉलेजचं स्वतःचं विद्यापीठ झालंय, पेपर साताऱ्यातच निघतो.

बारावीला गणितात ९५ घेतलेली मुलं रिअल ॲनालिसिसच्या पहिल्या महिन्यात का गांगरतात, ते सांगतो. बारावीपर्यंत प्रश्न असतो "काढा". किंमत काढा, क्षेत्रफळ काढा. इथे प्रश्न येतो "सिद्ध करा". वाढत जाणारी आणि वरून बांधलेली सिक्वेन्स कन्व्हर्ज होतेच, सिद्ध करा. चित्र काढलं तर कोणालाही दिसतं की ती वर कुठेतरी टेकणार. पण "दिसतं" हे उत्तर चालत नाही. लीस्ट अपर बाउंड घ्या, एप्सिलॉन घ्या, त्या बाउंडपासून एप्सिलॉनच्या आत सिक्वेन्सचं एक पद असायलाच हवं, नाहीतर त्याच्याहून लहान अपर बाउंड मिळेल. आणि एकदा आत आलेली वाढती सिक्वेन्स बाहेर जात नाही. चार ओळी. या चार ओळी स्वतःच्या स्वतः लिहिता येईपर्यंत काही मुलांचं सेमिस्टर जातं.

आणखी एक गोष्ट. बी.एस्सी.ला पास होणं आणि विषय येणं यात फार मोठी दरी आहे. ठराविक प्रमेयं पाठ करून ६० टक्के मिळतात, कोणी अडवत नाही. मग आयआयटी जॅमचा, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा पेपर हातात पडला की तीन वर्षांत काय झालं नाही ते कळतं. इंजिनिअरिंगला केटी लागते, म्हणजे विषय राहतो, धक्का बसतो, मुलगा सावध होतो. इथे धक्का बसतच नाही, म्हणून मला हा अभ्यासक्रम जास्त जोखमीचा वाटतो. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना संलग्न कॉलेजांतही आली, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे बरेच कप्पे झालेत. मुख्य विषयाला वेळ काढणं आता विद्यार्थ्याच्याच हातात.

हरिपूर_रोड

बी.ए., एम.ए. मराठी, नंतर सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. "आर्ट्स सोपं" म्हणणाऱ्यांसाठी एकच सांगते. अजिंक्यतारा म्हणतात ती दरी आमच्याकडे त्याहून मोठी आहे. गाइड वाचून बी.ए. होता येतं. पण प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट लागते, आणि तिथे बसलेल्यांपैकी फक्त ६ टक्क्यांना पात्र ठरवतात. तिथवर पोचणारी मुलं मूळ पुस्तकं वाचणारी असतात. भाषाशास्त्र, काव्यशास्त्र, समीक्षा यांचा अभ्यास गाइडमध्ये मावत नाही. माझी निम्मी पदवी नगर वाचनालयात झाली, वर्गाबाहेर. कोणी रागावणार नाही, कोणी विचारणार नाही, अशा ठिकाणी स्वतःहून खोलात शिरायला जी शिस्त लागते ती अठराव्या वर्षी फार थोड्यांकडे असते.

जत_ते_सांगली

सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, जत तालुक्यातल्या शाळेत. बारावी सायन्स नावाला इंग्रजीत, शिकवणं मराठीतच. इंजिनिअरिंगच्या पहिल्या आठवड्यात सर फळ्यावर जे लिहीत होते ते मला येत होतं, पण ते बोलत होते ते कळत नव्हतं. मेकॅनिक्सचं गणित सोडवायला जितका वेळ, त्याच्या दुप्पट वेळ प्रश्न काय विचारलाय हे समजायला. ओरलला तर उत्तर डोक्यात तयार आणि तोंडातून वाक्य निघत नाही. समोरच्या परीक्षकांनी "अभ्यास केला नाहीस" म्हणून शेरा दिला. तोच अभ्यासक्रम, तेच पुस्तक, शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला मात्र निम्मा.

त्यातून मी बाहेर आलो ते हॉस्टेलमुळे. रात्री मेसनंतर आम्ही आटपाडी, खानापूर, माणकडची पोरं एकत्र बसून दिवसभराचं लेक्चर मराठीत एकमेकांना समजावायचो. एसटीने रोज ये-जा करणाऱ्या मित्रांना हे मिळालं नाही. त्यांचे तीन-चार तास बसमध्येच जायचे, शेवटची गाडी चुकू नये म्हणून प्रॅक्टिकल अर्धवट टाकून पळायचे. दोघं त्याच वर्षी मागे राहिले, आणि माझ्यापेक्षा हुशार होते ते. कॉलेज किती अवघड हे विचारताना ते घरापासून किती लांब आहे आणि हॉस्टेल मिळतंय का, हेही विचारा.

गणिताच्या_बाई

जतच्या दादा, हे मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवणार आहे. "इंग्रजी आपोआप सुधारेल" असं आम्ही शिक्षकच मुलांना सांगतो. ते आपोआप होत नाही. बारावीच्या सुट्टीत पहिल्या सेमिस्टरचं एक इंग्रजी पुस्तक रोज दोन पानं मोठ्याने वाचलं तरी फरक पडतो.

डिप्लोमा_मिरज

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांनी एम-थ्रीची तयारी आधीपासून करावी. लाप्लास, फुरिए समोर येतात आणि पहिल्या वर्षाचं गणित आपण केलेलं नसतं. प्रॅक्टिकलमध्ये आपण पुढे असतो, पण केटी एम-थ्रीतच लागते.

तासगावकर

सगळ्यांचे आभार. मी द्राक्षबागायतदार, स्वतः बारावीपर्यंतच शिकलेला. मुलीचं गणित चांगलं आहे. कराडला सिव्हिल मिळेल असं दिसतंय. तिचा स्वतःचा ओढा साताऱ्याला बी.एस्सी. गणिताकडे आहे. घरात सगळे म्हणतात सिव्हिल सोपं आणि नोकरीचं, तेच घे. धागा वाचून आता कुठलं सोपं हा प्रश्नच उरला नाही. पण तिला नेमकं काय झेपेल हे आम्ही ओळखायचं कसं?

गणिताच्या_बाई

दादा, दोन्हीकडच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा. पहिल्या वर्षाच्या नकोत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या. तिला त्या सोडवता येणार नाहीत, आणि ते बघायचंही नाही. एक दुपार तिच्या हातात द्या, पुस्तकं जवळ ठेवा आणि तुम्ही बागेत जा. संध्याकाळी विचारा की कुठल्या पेपरचा कुठला प्रश्न तिने स्वतःहून शोधत बसून वाचला. कंटाळा कशाचा आला तेही विचारा. मग तिकडे शिकणाऱ्या मुलींशी बोलू द्या, पण शेवटच्या वर्षाच्या मुलींशी. पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेज कसं आहे ते अजून कळलेलं नसतं.

आणि तिच्या वडिलांनी म्हणून एक करा. ती जे घेईल त्याला घरात कोणी "सोपं" म्हणणार नाही याची काळजी घ्या. सोप्यात नापास झालेल्या मुलीला घरी येऊन सांगायची हिंमत होत नाही.

अजिंक्यतारा

तासगावकर काका, बी.एस्सी.चे पेपर मी देतो. रिअल ॲनालिसिस आणि ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा हे दोन तिला नक्की दाखवा. पेपरसोबत माझी वहीही देतो, एका प्रमेयाची खाडाखोड केलेली पानं आहेत त्यात. कसं अडकायला होतं ते तिला दिसेल.

स्थापत्य_विश्रामबाग

स्ट्रक्चरल ॲनालिसिस आणि एसओएमचे माझ्याकडे आहेत, आमच्या कॉलेजचे. कराडही स्वायत्त असल्याने त्यांचे पेपर वेगळे निघतात, पण विषय तेच. काका, शनिवारी सांगली मार्केट यार्डात येणार असाल तर तिथेच झेरॉक्स आणून देतो. तिला घेऊनच या, तो बीम मी समोर बसून सोडवून दाखवतो.

तासगावकर

येतो. तिलाही आणतो. वहीचं ऐकून ती आत्ताच साताऱ्याला कधी जायचं विचारतेय.